नर्सले सिक परेड नाही

माझी शेवटची पोस्टिंग एका दारूगोळ्याच्या डेपोवर होती. काम एकच, गार्ड. दोन घंटे संत्री, चार घंटे आराम, पुन्हा दोन घंटे. बदली आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. येणाऱ्याला थांबवायचं आणि ओळख विचारायची. ओळखीचा असला तरी विचारायची. एकदा आमच्या कमांडिंग ऑफिसर साहेबाला मी भर पावसात उभं ठेवलं, कारण त्यांना त्या दिवसाचा पासवर्ड आठवला नाही. चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी परेडवर माझं नाव घेऊन शाबासकी दिली. शक करणं ही माझी नोकरी होती. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो तेव्हा रायफल जमा करून घेतली, शक जमा करायला कोणी सांगितलं नाही.

हे मी नर्सिंगच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहून राह्यलो. शाळेच्या मॅडम आर्णीला घरी आल्या. म्हणाल्या, "काका, फौजेतल्या आठवणी लिहा. शिस्त, तब्येत, मन कसं सांभाळायचं. मुलींना पुढे कोणत्या वाटा आहेत त्याच्यावर दुसरे लिहिणार आहेत." मी म्हटलं, मी नववी नापास माणूस. त्या म्हणाल्या, चालते. शुद्धलेखन मॅडमनं पाहावं. शब्द बदलू नये.

पोरींनो, फौजेत रोज सकाळी सिक परेड असते. ज्याला ताप आहे, पायाला फोड आहे, पोट बिघडलं आहे, त्यानं नाव द्यायचं आणि डॉक्टरपुढे उभं राहायचं. डॉक्टर लिहितो, ड्यूटी, हलकी ड्यूटी, नाही तर आराम. त्यात लाज नाही. लाज लपवण्यात आहे. आमच्या गार्डमध्ये एक बुंदेलखंडचा पोरगा होता. ताप अंगावर काढला आणि पोस्टवरच रायफलीसकट पडला. बरा होऊन आला तेव्हा त्याची साहेबापुढं पेशी झाली, सजा झाली, त्या दिवशीच्या गार्ड कमांडरचीही झाली. सुभेदार साहेब सगळ्यांना उभं करून म्हणाले, "बीमार संत्री खाली पोस्ट से खराब है. खाली पोस्ट तो दिखती है." खाली म्हंजे रिकामी. फौजेतलं मला एवढंच सांगायचं होतं. आता पुढचं, दवाखान्यातलं सांगतो. तीही नोकरीच होती.

माझी बायको शोभा नर्स होती. मी सरहद्दीवर होतो तेव्हा ती झरी जामणीकडं उपकेंद्रात एएनएम होती, कंत्राटावर. जंगलातल्या पोडावर, म्हंजे कोलामाइच्या वस्तीवर, पायी जाये. कोलामी बायकांकडून त्यांची बोली शिकली, कारण बाळंतीण दुखणं आपल्याच बोलीत सांगते. मंग कंत्राट संपलं. वय झाल्यावर पुन्हा शिकली, जीएनएम म्हंजे नर्सिंगचा मोठा कोर्स केला, आणि यवतमाळात एका खाजगी दवाखान्यात आयसीयूला लागली. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. मी पेन्शनवर आलो, वावर भावाला बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं आणि त्याच दवाखान्यात गेटवर गार्ड म्हणून लागलो. नवरा खाली, बायको दुसऱ्या माळ्यावर. यवतमाळातच खोली केली.

सुटीच्या दिवशी आयसीयूतल्या पोरी आमच्या खोलीवर जेवायला येत. पिठलं, भाकर, ठेचा. शोभा त्याइले ताटावर बसवून भाषण देत असे.

"आयसीयू म्हंजे दुनिया नाही बाप्पा. तीन साल करा, हात तयार करा, मंग पाय काढा. उपकेंद्रात अधिकारी होता येते. शाळेत शिकवता येते. डायलिसिसचा कोर्स आहे. फौजेत नर्स अफसर असते, इचारा या हवालदाराले, सलूट ठोकत होता का नाही."

"ठोकत होतो," मी म्हणे. "लेफ्टनंट मॅडम होत्या. तुयापेक्षा कमी बोलत."

"अन् काका, परदेश?" हे पूजा राठोड विचारे. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची पोरगी. सगळ्यात लहान आणि सगळ्यात खादाड. त्याइच्या बोलीत आईला याडी म्हणतात, ती शोभाला याडीच म्हणे.

परदेशाचा एक एजंट तेव्हा दवाखान्याच्या समोरच्या चहाच्या टपरीवर बसून पोरी हेरत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, कोणता दवाखाना, कोणतं गाव, पासपोर्ट कोणाजवळ राहीन, तिथं गेलेल्या एका पोरीचा फोन लावून दे. तो म्हणे, "काका, तुम्ही पोलिसात होता का?" दुसऱ्या दिवशी टपरी बदलली त्यानं. शोभा माझ्यावर चिडली. म्हणे चांगले एजंटही राह्यते, सरकारी रस्ताही आहे, तुमाले सगळेच चोर दिसते. मी म्हटलं, चांगला असता त फोन लावला असता.

ती दुसऱ्याइले वाटा दाखवे आणि स्वतः आयसीयूत उभी. शेवटी तिलेही वाट भेटली. याच शाळेनं, ज्या शाळेची ही स्मरणिका आहे, तिले शिकवायले बोलावलं. दिवसाची ड्यूटी, खुर्ची, फळा. तिनं होकार दिला. फक्त दवाखान्याकडून अनुभवाचा दाखला पाहिजे होता. दवाखाना म्हणे, तुमच्या जागेवर बाई भेटू द्या, मग दाखला घ्या. बाई काही भेटेना. सहा जणींच्या जागेवर चौघी उभ्या होत्या, पाचवी कोण येते?

त्याच उन्हाळ्यात वरतून ऑर्डर आली. आयसीयूतून सलाईनच्या बाटल्या, नळ्या, सुया, तापाचे इंजेक्शन कमी होऊन राह्यले. जाताना स्टाफच्या बॅगा तपासा. डॉक्टर सोडून सगळ्याइच्या.

गार्डचा सुपरवायझर माझ्यासारखाच फौजेतला होता, पाटील म्हणून. मले बाजूले घेऊन म्हणे, "हवालदार, वहिनीची बॅगही पाहा लागीन."

मी म्हटलं, "तिचीच पहिली पाहीन."

पाहिली. सगळ्या स्टाफपुढं पाहिली. शोभा कमरेवर हात ठेवून उभी.

"डबा उघडा न हवालदार. बेसन आहे. बेसनात बाटली लपवली असन."

"मोबाईल काढ बाहेर."

"घ्या. माहेरच्याइचे नंबर आहे, जपून."

बाकीच्या पोरी हसल्या. मी हसलो नाही. संत्री हसत नसते. बॅगेत काही नव्हतं, तिच्याही नाही, कोणाच्याच नाही. आणि बाटल्या कमीच होत होत्या.

मग मले शोभावर शक आला.

मे महिना. यवतमाळचं ऊन ज्यानं पाहिलं त्याला सांगायची गरज नाही, डांबर पायाला चिकटते. आणि ही बाई फुल बाह्यांचा स्वेटर घालून गेटमधून बाहेर येऊन राह्यली. मी विचारलं, काहून? म्हणे, "एसीतून आली न, अंगात थंडी भरली." बाकीच्या त्याच एसीतून येत होत्या, त्याइले थंडी नाही. मग ती माझ्या रबरी चपला घालून ड्यूटीवर जायला लागली. विचारलं, काहून? म्हणे, माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती गेल्यावर मी तिची चपल पाहिली. अंगठा मजबूत होता. रात्री ती उशा रचून बसल्या बसल्या झोपे. विचारलं, त ॲसिडिटी. तीन सवाल, तीन जवाब, तिन्ही खोटे. डेपोवर असा माणूस आला असता तर मी शिट्टी मारून गार्ड बाहेर काढली असती.

लोक मले आता म्हणतात, विचारायचं होतं न तिला. मी विचारलं होतं. ती खोटं बोलली.

माझ्या डोक्यात एकच आलं. आमच्या वस्तीत म्हाताऱ्याइले अशक्तपणा आला की घरी सलाईन लावून घेतात, म्हणतात तरतरी येते. मले वाटलं ही दवाखान्यातून बाटल्या काढून घरोघरी लावून देऊन राह्यली. कशी काढते ते समजेना. स्वेटरच्या बाहीतून? बाटली बाहीत मावत नाही. रात्री ती बसून झोपलेली असे आणि मी पडल्या पडल्या तिची बाही पाहत असे. तीस वर्षांचा संसार. तिनं कधी कोणाची सुई घेतली नव्हती. पण संत्रीनं मागचं पाहायचं नसते, समोरचं पाहायचं असते.

त्याच दिवसात दवाखान्यानं नर्सेसच्या तब्येतीसाठी म्हणून एक कार्यक्रम ठेवला. हॉलमध्ये सतरंजी, फुगे, केक. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या श्वास कसा घ्यायचा ते शिकवायला. रातपाळी करून आलेल्या पोरीइले घरी जाऊ दिलं नाही, गिनती कमी दिसते म्हणून बसवून ठेवलं. मी दारावर होतो. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा, आणि मनातला ताण बाहेर सोडा." निम्म्या पोरी डोळे मिटल्याबरोबर झोपल्या. पूजा घोरली. फोटो निघाले, केक कापला. शोभाही बसली होती, मॅडमसंगं श्वास घेत होती. दुसऱ्याचा श्वास पोटापर्यंत जाये, हिचा गळ्यापर्यंतच. मी ते पाहिलं. मले वाटलं, नाटक करून राह्यली.

पुढच्या आठवड्यात दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळेला सकाळपाळीचा सगळा स्टाफ बाहेर आला. शोभा आली नाही. पूजाही आली नाही, ती तर रातपाळीची होती, सकाळीच जायला पाहिजे होती. मी गेट दुसऱ्या गार्डला दिला, रीतसर सांगून दिला, आणि वायरलेस सेट घेऊन दुसऱ्या माळ्यावर गेलो. आयसीयूच्या मागं चादरी ठेवायची एक खोली आहे. दारापुढं पूजा उभी होती. पाय फाकवून, पाठ दाराला लावून.

"काका, आत नका जाऊ. बायका कपडे बदलून राह्यल्या."

"कोण्या बायका?"

"बायका म्हंजे बायका."

"पूजा, बाजूले हो."

"नाही होत." तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण जागची हालली नाही. चांगली संत्री झाली असती. "काका, तुमी रिपोर्ट करसान त आमची सगळ्याइची नोकरी जाईन."

"सगळ्याइची?"

तेव्हा ती बोलली. बाटल्या कोणी नेत नव्हतं. त्या पोरी स्वतःलाच लावत होत्या. ताप आला, जुलाब लागले, पाळीत चक्कर आली, की चादरीच्या खोलीत जायचं, एकीनं दारावर उभं राहायचं, दुसरीनं बाटली लावून घ्यायची आणि उतरली की वॉर्डात परत. सुई हातातच ठेवायची, उद्या पुन्हा टोचायला नको. वरून फुल बाही. सुटी मागितली तर बदली नाही, बदली नाही तर मैत्रिणीची डबल पाळी. म्हणून कोणी सुटी मागतच नव्हतं.

मी तिला हातानं बाजूला केलं आणि दार उघडलं.

शोभा चादरीच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. स्वेटरची बाही वर. पाय लांब केलेले होते, आणि त्या दिवशी मी ते पाय पहिल्यांदा उजेडात पाहिले. घोटा दिसत नव्हता. बोट दाबलं असतं तर खड्डा राह्यला असता. माझ्या चपलेतही मावत नव्हते.

"या हवालदार," ती म्हणाली. "भेटला चोर?" एवढं बोलायला तिनं दोनदा श्वास घेतला.

"हे काय आहे?"

"अशक्तपणा आहे. अर्धी बाटली राह्यली. मंग जाते ड्यूटीवर."

"ड्यूटी संपली न तुयी."

"दुपारची आली नाही. मी गेली त पूजाले थांबा लागते, ते कालपासून उभी आहे."

"तू घरी चाल."

"अहो, आयका." तिनं माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, त्या उन्हात. "कोणाले सांगू नका. महिनाभराची गोष्ट आहे. दाखला भेटू द्या. चोर म्हणून नाव लागलं त शाळेत मले कोण घेईन? पोरीइपुढं कशी उभी राहू? एवढा महिना डोळे मिटा."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ जांभळे होते. खिडकीचा गज पाहिला, बाटली पाहिली. शाळेची खुर्चीही मले दिसली, खोटं कशाला बोलू. तिनं त्या खुर्चीसाठी नवीन साडी घेऊन ठेवली होती.

मी सेट उचलला.

"कंट्रोल, गेट एक. ओव्हर."

"बोला गेट एक."

"दुसरा माळा, चादरीची खोली. आजारी संत्री पोस्टवर आहे. डॉक्टर पाठवा, बदली पाठवा. ओव्हर."

"कोणता गार्ड पडला? ओव्हर."

"गार्ड नाही. आयसीयूची सिस्टर. ओव्हर."

कंट्रोलवर पाटीलच होता. मग म्हणाला, "सलाईनचा चोर भेटला का, ते सांगा. साहेब बाजूले उभे आहे. ओव्हर."

"आधी डॉक्टर. आउट."

शोभानं माझं मनगट सोडलं. "लावली न वाट," ती म्हणाली. रागानं नाही. डबा घरी विसरला तर जशी म्हणे, तशी.

डॉक्टर धावत आले. तरुण पोरगा होता, शोभानंच त्याला पहिल्या दिवशी आयसीयू दाखवलं होतं. त्यानं पाय पाहिले, पाठीला नळी लावली, आणि पहिलं काम काय केलं तर बाटली बंद केली. मले नंतर साध्या शब्दात सांगितलं. बीपी कित्येक वर्षांचं असावं. हृदय कमजोर होत गेलं. पायाला सूज, बसून झोपणं, दम, ते सगळं अंगात पाणी साठल्याचं होतं. त्यात ही अशक्तपणा समजून वरतून आणखी पाणी भरत होती. मी विचारलं, "तिले समजलं नाही का? नर्स होती ते." तो म्हणाला, "पेशंटमध्ये असतं तर त्यांनी दारातूनच ओळखलं असतं काका."

तिच्याच आयसीयूत तिला ठेवलं. खिडकीजवळचा बेड पूजानं भांडून घेतला. पोरी पाळी संपली तरी जात नव्हत्या, मग शोभाच हळू आवाजात त्याइले हाकले. "जा बाप्पा घरी. माया उशाशी उभं राहून काय पगार वाढते?" मला एकदा म्हणाली, "साडी पूजाले द्या." मी म्हटलं, तू नेसजो. ती म्हणाली, "द्या म्हटलं न." मी ऐकलं नाही असं केलं. पाचव्या दिवशी सकाळी, चहा वाटायच्या वेळेला, ती गेली. मी खाली गेटवर होतो. सेटवर पाटलानं फक्त एवढं म्हटलं, "गेट एक, वर या." ओव्हर म्हटलं नाही.

बॅग तपासणी त्याच दिवशी बंद झाली. चोरीचं कोणी नाव काढलं नाही. व्यवस्थापनाचे साहेब हार घेऊन आले. नोटीस बोर्डावर तिचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, दीर्घ आजाराने निधन. मी साहेबाला विचारलं, "दीर्घ आजार होता त ड्यूटीवर कशी ठेवली?" ते म्हणाले, "काका, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो." मी म्हटलं, दुःख नाही विचारलं, ड्यूटी विचारली. त्याइनं खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला आणि वर्दी जमा करून आलो.

मला अजूनही शक आहे. दुसऱ्या दिवशी आयसीयूत दोन नवीन पोरी लागल्या. महिनोन्महिने बाई भेटत नव्हती आणि एका रात्रीत दोन कशा भेटल्या, हे मला कोणी सांगितलं नाही.

पूजा तिथून निघाली. परीक्षा दिली, आता एका उपकेंद्रात अधिकारी आहे. तिथंही त्रास आहे, रस्ते खराब, कागद लय. पण आजारी पडली तर पडली म्हणते, एवढं तिनं मला शपथ घेऊन सांगितलं. तरी मी फोन करतो तेव्हा आधी तिचा दम ऐकतो, मग शब्द. तुम्हा पोरीइले मॅडम वाटा सांगतील. जी निवडाल ती निवडा. मी फक्त म्हणतो, जिथं जासान तिथं पहिल्या दिवशी विचारा, मी आजारी पडली त माया जागेवर कोण? जवाब देताना साहेब हसला, तर शक करा.

तेरवी झाल्यावर मी आर्णीला फोटो फ्रेम करायला गेलो. फोटोवाला ओळखीचा. म्हणे खाली काय लिहायचं, कैलासवासी का स्वर्गवासी? मी म्हटलं, दोन्ही नको. तो म्हणे, "काका, काही त लिहा लागते." मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं, एका जागी पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं, पण लिहिलं. फोटो आता भिंतीवर आहे, आमच्या पलटणीच्या फोटोच्या बाजूला, त्याच उंचीवर.

शोभा. नर्स. झरी जामणी आणि यवतमाळ. ड्यूटीवर असताना गेली.